माझा उजवा डोळा आणि कन्येची वही

उपदेश करण्यापूर्वी माणसाने तो फिरून आपल्याच अंगावर येणार नाही ना, एवढं पाहून घ्यावं. मी पाहिलं नाही. त्यामुळे गेला महिनाभर माझा उजवा डोळा माझ्या मालकीचा राहिलेला नाही.

आमची कन्या डॉक्टर होते आहे. गेली तीन वर्षं ती होतेच आहे. या काळात तिने आमच्या घरातल्या प्रत्येकाला निदान दोनदा मरणाच्या दारात नेऊन परत आणलेलं आहे. हृदयाचा महिना चालू होता तेव्हा मला झडपेचा विकार होता, पोटाचा महिना आला तेव्हा आमच्या हिला, म्हणजे तिच्या आईला, अल्सर झाला. महिना संपला की आजारही संपतो, म्हणून आम्ही फारसं मनावर घेत नाही. या खेपेला तिची नेमणूक नेत्रविभागात होती, चार आठवड्यांसाठी.

पहिल्याच आठवड्यातल्या एका संध्याकाळी मी कचेरीतून आलो, तर कन्या जेवणाच्या टेबलावर बसून लांबलचक वहीत वर्तुळं काढत होती. हाताशी बाटलीचं झाकण, लाल आणि पिवळी पेन्सिल, आणि शेजारी चहाचे डाग पडलेली दुसरी जुनी वही. जुन्या वहीत बघायचं, झाकण ठेवायचं, वर्तुळ काढायचं.

"काय चाललंय?"

"डोळे काढतेय, बाबा."

"कोणाचे?"

"पंचवीस पेशंटांचे. दोन्ही बाजूंचे धरून पन्नास."

"आणि पेशंट कुठे आहेत?"

"पेशंट कशाला लागतात?" कन्या म्हणाली.

मी बूट तसेच ठेवून खुर्चीत बसलो. मग तिने खुलासा केला. डोळ्याच्या आत बघायचं एक यंत्र असतं, हातात धरायच्या बॅटरीसारखं. त्याला बारीक खिडकी असते. खिडकीला आपला डोळा लावायचा, पेशंटच्या डोळ्यात उजेड टाकायचा आणि बाहुलीतून आतला पडदा बघायचा. पडद्यावर एक फिकट पिवळी गोल चकती असते, जिथून डोळ्याची मुख्य नस मेंदूकडे निघते. ती चकती बघायची, तिचं चित्र काढायचं, असे पंचवीस पेशंट झाले की वहीवर सही मिळते. सही नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, सुट्टीत पुन्हा महिनाभर जायचं.

"मग बघायची ना चकती."

"दिसत नाही बाबा ती! कोणालाच दिसत नाही. सर विचारतात, दिसली का? आपण म्हणायचं, दिसली. खरं तर नुसतं लाल दिसतं. कधीकधी आपलीच पापणी दिसते."

"आणि ही वही?"

"सीनिअरची. तिने तिच्या सीनिअरची घेतली होती."

यावर मी जे बोललो ते वीस मिनिटं चाललं. सत्य, विश्वास, एके दिवशी कोणीतरी आंधळा होऊ घातलेला माणूस आपला डोळा तुझ्या हाती देईल, तेव्हा तू काय बाटलीचं झाकण लावणार आहेस का, वगैरे. ओघात मी स्वतःचंही उदाहरण दिलं, की चोवीस वर्षांच्या नोकरीत मी हजेरीपटावर कधी खोटी वेळ टाकली नाही. इथे स्वयंपाकघरातून खोकल्याचा आवाज आला. आमच्या हिला खोकला नेमक्या वेळी येतो.

मला वाटलं होतं, कन्या नेहमीप्रमाणे "हो बाबा" म्हणेल आणि झाकण पुन्हा उचलेल. तिने जुनी वही मिटली.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "मलाही आतून तेच वाटत होतं. मला भीती काय वाटते सांगू? मी पास होईन, डॉक्टर होईन, पाटी लावीन, आणि तरी मला ती चकती दिसलेलीच नसेल. जन्मभर दिसली दिसली म्हणत बसेन."

तिचे डोळे भरून आले होते. अशा वेळी बापाने काय बोलावं हे कुठे शिकवत नाहीत. मी म्हणालो, "मग? आपण काय करायचं?"

"डोळा द्या," कन्या म्हणाली.

यंत्र घरी आणायचं तर ते कॉलेजच्या भांडारातून न्यावं लागतं. भांडारपाल हा गृहस्थ वस्तू देण्यासाठी नेमलेला असतो, असा एक गैरसमज आहे. तो वस्तू न देण्यासाठी असतो. त्याने कन्येला अर्ज दिला. अर्जाला पालकाची सही. पालकाच्या सहीला पालक असल्याचा पुरावा. शेवटी मला अर्ध्या दिवसाची रजा टाकून जावं लागलं. अर्जात एक रकाना होता, 'उपकरण कोणावर वापरणार'. मी माझं नाव लिहिलं.

"पालकाचं नाव वर लिहायचं," भांडारपाल म्हणाला.

"वर लिहिलंय. खाली पण तेच आहे."

त्याने मला खालून वर पाहिलं. "म्हणजे परवानगी देणारे तुम्हीच आणि ज्याच्यावर वापरणार तेही तुम्हीच?"

"हो."

"मग त्याची वेगळी संमती लागेल. ज्याच्यावर वापरणार त्याची."

अशा रीतीने मी पालक म्हणून परवानगी दिली, वस्तू म्हणून संमती दिली, आणि दोघांत काही वाद नाही असं तिसऱ्या कागदावर लिहून दिलं. भांडारपालाने यंत्र हातावर ठेवलं आणि म्हणाला, "थेंब मिळणार नाहीत हं. बाहुली मोठी करायचे थेंब इथेच, डॉक्टरांसमोर घालायचे. घरी थेंबांशिवाय बघा." थेंबांशिवाय बघणं म्हणजे कुलपाच्या भोकातून लग्नाचा हॉल बघणं, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीचे पडदे ओढून अंधार केला. मी खुर्चीत, कन्या माझ्या उजव्या अंगाला वाकलेली. नियम असा, की माझ्या उजव्या डोळ्यात तिने उजव्याच डोळ्याने बघायचं, आणि इतकं जवळ यायचं की तिची भुवई माझ्या भुवईला लागावी. मी समोरच्या भिंतीवर दूर कुठेतरी बघत राहायचं. दूर म्हणजे आमच्या खोलीत नऊ फूट. तिथे घड्याळ आहे. महिन्याभरात मी त्या घड्याळाचा इतका अभ्यास केला की त्यातला सातचा आकडा किंचित कलता आहे, हे मी आज शपथेवर सांगू शकतो.

"बाबा, हलू नका."

"मी हललो नाही."

"श्वास घेतलात."

"तो पूर्वीपासूनच घेतो."

"डोळा झाकू नका!"

"तू उजेड आत घातल्यावर तो आपोआप झाकतो. त्याला काय मी सांगतो?"

पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझ्या डोळ्यातून पाण्याची धार, तिच्या मानेला रग. शेवटी ती सरळ झाली.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"लाल."

"आणखी?"

"काहीच नाही."

स्वयंपाकघरातून आवाज आला. "मी चोवीस वर्षं त्याच डोळ्यात बघतेय. मला विचारलं असतंस तर यंत्र आणायची गरज नव्हती."

पहिला दिवस म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण दुसऱ्या दिवशीही काहीच नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आता, आपल्या डोळ्यात काहीही नाही हे रोज संध्याकाळी घरच्या माणसांसमोर जाहीर होणं, हे स्वाभिमानी माणसाला जड जातं. डोळ्यात निदान थोडा अनुभव, थोडी करुणा असावी अशी माझी समजूत होती. पाचव्या दिवशी तर कन्या म्हणाली, "बाबा, तुमचा डोळा फार कठीण आहे," आणि मला बरं वाटलं. निदान कठीण तरी आहे.

रोज साडेपाचला आमचे पडदे ओढले जातात, ही गोष्ट शेजारात लपून राहणं शक्य नव्हतं. सहाव्या दिवशी समोरच्या काकूंनी दार ठोठावलं. समोरच्या काकू म्हणजे आमच्या मजल्याचं वार्तापत्र. हिने दार उघडलं, तर आत अंधार, मी खुर्चीत रेललेला, गालावरून पाणी ओघळतंय, आणि कन्या माझ्या तोंडावर वाकलेली.

"अगं बाई! कधी झालं?" काकूंनी विचारलं.

"काही झालं नाही. ती त्यांचे डोळे बघतेय."

"मग रडतायत का ते?"

"काहीच दिसत नाही म्हणून," ही म्हणाली. वाक्य खरं होतं, पण त्यातला कर्ता ती सांगायला विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात तीन जणांनी माझा हात धरून मला पायऱ्यांवरून उतरवलं. काकूंनी गाजरांचा रस पाठवला आणि बरोबर निरोप दिला, की त्यांच्या चुलतदिरांचंही असंच झालं होतं, त्यांनी रोज पहाटे हिरव्या झाडाकडे बघितलं, आता ते सुई ओवतात. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, "साहेब, सुई ओवणं सोपं नाही. मला विचारा." मी सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी समजुतीने मान हलवली आणि मी दिसेनासा होईपर्यंत "बिचारा मनाला लावून घेत नाही" असं म्हणत राहिले.

ही बातमी माझ्याआधी कचेरीत पोचली. आमच्याकडे खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून मी अकरा वर्षं अर्ज करतो आहे. त्या दिवशी गेलो, तर माझं टेबल खिडकीजवळ. साहेब स्वतः उठून आले आणि माझ्या कानाशी ओरडून म्हणाले, "आता बरं दिसतंय ना?" डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या माणसाला ऐकूही कमी येतं, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. मी खरं सांगण्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात खिडकीतून छान वारा आला. सत्यावर वीस मिनिटं बोलणं वेगळं आणि वाऱ्याच्या झोतात बसून एक मिनिट बोलणं वेगळं. मी म्हणालो, "बरं आहे."

दोन आठवडे असे गेले. वही कोरीच. कन्या जेवताना बोलेनाशी झाली. तिच्या तुकडीतल्या बाकी सातजणांच्या वह्या पूर्ण होऊन टेबलावर जमा झाल्या होत्या, आणि ते तिला येताजाता विचारत, "काय गं, अजून पहिला डोळा?" एकदा मी तिला म्हणालोसुद्धा, "हवं तर ती जुनी वही..." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी ताटात पाहिलं.

अशा वेळी आमच्याकडे वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर आले. हे निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण कोणत्याही विषयावर शिक्का मारल्याशिवाय ते उठत नाहीत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे डोळ्याच्या बाबतीत ते स्वतःला निम्मे डॉक्टर समजतात.

"अडचण काय आहे, पोरी?"

"काका, आत एक चकती असते, ती सापडत नाही."

"शोधतेस कशी?"

"इकडेतिकडे बघते. कुठेतरी असेलच ना."

पोस्टमास्तर हसले. "नवीन पोस्टमन असंच करतो. घर सापडत नाही म्हणून चौकात उभा राहून गरगर फिरतो. मी त्यांना सांगायचो, बाबा रे, घर शोधू नकोस. एक गल्ली धर आणि चालत राहा. गल्ली कुठेतरी मोठ्या रस्त्याला मिळते, मोठा रस्ता चौकाला मिळतो. त्या डोळ्यात गल्ल्याबिल्ल्या आहेत की नाही?"

"रक्तवाहिन्या आहेत," कन्या हळूच म्हणाली. "लाल रेघा दिसतात कधीकधी."

"मग धर की एक."

मी इतकी वर्षं पोस्टमास्तरांचे सल्ले ऐकतो आहे. त्यांच्या सल्ल्याने मी एकदा गळका नळ दुरुस्त केला आणि आम्ही तीन दिवस शेजारून पाणी आणलं. त्यामुळे मी मनातल्या मनात हसलो. कन्येने मात्र त्यांनाच खुर्चीत बसवलं, पडदा ओढला, वाकली. घड्याळातला कलता सात मी आज बाजूने पाहत होतो.

"रेघ आहे," कन्या म्हणाली. "बारीक आहे... दुसरी येऊन मिळाली... जाड झाली... अजून एक..."

आणि मग ती ओरडली. मला वाटलं यंत्राचा शॉक बसला.

"बाबा! आहे! चकती आहे! पिवळी आहे! खरंच गोल आहे हो!" ती आईच्या गळ्यात पडली, मग पोस्टमास्तरांच्या, मग माझ्या. तेवढ्या घाईत यंत्र माझ्या कपाळाला लागलं. टेंगूळ आलं, पण त्या आनंदात कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

दुःख नंतर सुरू झालं. पोस्टमास्तर जिन्यात प्रत्येकाला थांबवून सांगू लागले, "आमचा डोळा अगदी आरशासारखा आहे. पहिल्या झटक्यात चौक. यांच्याकडे दोन आठवडे काहीच नाही." माझ्याकडे बघून काकू म्हणाल्या, "असतो एकेकाचा डोळा." चोवीस वर्षं ज्या इमारतीत मान ताठ ठेवून राहिलो, तिथे मी निकृष्ट डोळ्याचा माणूस ठरलो.

इमारत आता रांगेला लागली. पोस्टमास्तरांनी जिन्यात खुर्च्या मांडल्या, चिठ्ठ्यांवर क्रमांक लिहून दिले आणि "पुढचा!" म्हणून आरोळी द्यायचं काम स्वतःकडे घेतलं. एका रविवारी अकरा जण झाले. शिंपी, काकू, काकूंचे यजमान, काकूंचे सुई ओवणारे चुलतदीर. प्रत्येक जण उठताना विचारी, "माझा कसा आहे?" आणि कन्या सांगे, "छान आहे." दर वेळी जिन्यातून माझ्याकडे एक कटाक्ष येई.

चोवीस पेशंट झाले. पंचविसावा मी. "तुमचा शेवटी ठेवलाय," कन्या म्हणाली. "आता मला येतं."

त्या संध्याकाळी रांग नव्हती. कन्या वाकली, एक गल्ली धरली आणि निघाली. "चला... मिळाली... ही मोठी... चौक! बाबा, तुमचा पण चौक आहे!" मी हिच्याकडे विजयाने बघायचा प्रयत्न केला, पण हलायचं नव्हतं. कन्या आणखी जवळ आली. मग तिचा श्वास थांबला.

"काय झालं?"

"थांबा."

मी थांबलो. घड्याळ चालू राहिलं.

"चौकाच्या खाली काहीतरी आहे," ती म्हणाली. आवाज एकदम डॉक्टरचा झाला होता आणि त्याच्या खाली आमच्या मुलीचा होता. "करडं. चकतीच्या दीडपट. कडा दिसतायत."

"वाईट आहे का?"

"तीळ असावा. पडद्यावर पण तीळ असतो, पुस्तकात आहे. पण मला नक्की सांगता येत नाही, बाबा. विभागप्रमुख मॅडमना दाखवायला लागेल."

ही हात पुसत बाहेर आली आणि माझ्या शेजारी बसली. चोवीस वर्षांत खोकल्याशिवाय ती अशी पहिल्यांदाच बसली असेल. तेव्हा मी किती घाबरलो होतो, हे मी इथे लिहिणार नाही. मात्र त्या भीतीच्या तळाशी थोडासा अभिमानही होता, हे नमूद करतो. माझ्या डोळ्यात काहीतरी होतं.

कन्येने चित्र काढलं. चकती, रेघा, आणि खाली करडा ठिपका. दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेली आणि संध्याकाळी लाल शाईने भरलेली वही घेऊन परत आली. विभागातल्या तरुण डॉक्टरांनी माझ्या चित्रावर लिहिलं होतं, 'भिंगावरची धूळ. पुन्हा करा.' आणि एवढ्यावर भागलं नव्हतं.

"ते म्हणाले, बाकीचे चोवीस पण संशयास्पद आहेत. सात वह्या अगदी एकसारख्या आहेत, माझीच एक वेगळी आहे, म्हणजे माझीच खोटी असणार."

बहुमताने सत्य ठरवायची पद्धत वैद्यकशास्त्रातही आहे, हे मला माहीत नव्हतं.

"शनिवारी मॅडम वह्या बघणार," कन्या म्हणाली. "सर म्हणाले, डाग खरा असेल तर पेशंट घेऊन ये. नाहीतर सुट्टीत पुन्हा महिना कर."

"पेशंट येईल," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी केसपेपरच्या खिडकीसमोर मी तासभर उभा राहिलो. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "तक्रार?"

"काही नाही."

"तक्रार नसेल तर केसपेपर निघत नाही."

"माझ्या मुलीला माझ्या डोळ्यात डाग दिसला."

"तुम्हाला त्रास होतो?"

"मला नाही."

"मग तक्रार मुलीची आहे. तिला रांगेत उभं करा."

"मुलगी इथेच शिकते हो. डॉक्टर होतेय."

"मग तिला केसपेपर कशाला लागतो?" कारकून म्हणाला. मीही सरकारी माणूस असल्यामुळे मला या तर्कात कुठे भोक सापडेना. शेवटी मागच्या आजीबाई म्हणाल्या, "अहो, लिहा की काहीतरी, माझे डोळे आहेत तेवढे पण जातील इथे," आणि कारकुनाने तक्रारीच्या रकान्यात शब्दशः 'काहीतरी' असं लिहिलं.

आत डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली, परिचारिकेने थेंब घातले आणि सांगितलं, तासभर बाकावर बसा, जवळचं दिसणार नाही, घाबरू नका. कोणत्या बाकावर ते तिने सांगितलं होतं. पण अर्ध्या तासाने मी पाणी प्यायला उठलो, आणि परतलो तेव्हा जग म्हणजे उजेडाचा एक ढग झालं होतं. पाट्या वाचता येईनात. मी अंदाजाने एका बाकावर बसलो. शेजारी सगळी शांत, वयस्क मंडळी होती. थोड्या वेळाने कोणीतरी माझ्या उजव्या भुवईवर चिकटपट्टी लावली, डोक्यावर हिरवी टोपी चढवली आणि विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"फक्त गाजराचा रस," मी म्हणालो.

"पुढचा नंबर तुमचा. दहा मिनिटांत मोतीबिंदू बाहेर."

"मला मोतीबिंदू नाही!"

"सगळे असंच म्हणतात, काका. घाबरायचं नाही."

मी ओरडायच्या बेतात असताना कन्येचा आवाज आला. "बाबा! तुम्ही इथे काय करताय? तिकडे मॅडम थांबल्यात!" तिने माझा हात धरून पळवलं. टोपी आणि पट्टी काढायला वेळ नव्हता. अशा थाटात मी नेत्रविभागाच्या प्रमुखांसमोर पोचलो.

मॅडम बुटक्या, पांढऱ्या केसांच्या आणि आवाज न चढवता भीती घालणाऱ्या होत्या. तेवढं मला ढगातूनही कळलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, माझ्या टोपीकडे पाहिलं, आणि काही विचारायचं नाही असं ठरवलेलं दिसलं.

"एकेकाने या," त्या तुकडीला म्हणाल्या. "उजवा डोळा बघा आणि सांगा."

सातजण एकामागून एक माझ्यावर वाकले. एकाने लसूण खाल्ला होता. एकीने यंत्राचा दिवाच लावला नव्हता, हे मला स्पष्ट कळलं, कारण तेवढीच पाच सेकंदं माझ्या डोळ्याला आराम मिळाला.

"दिसलं?"

"दिसलं, मॅडम. नॉर्मल."

"दिसलं, मॅडम. कडा स्पष्ट."

"दिसलं, मॅडम. अगदी छान आहे."

सातही वेळा मी नॉर्मल होतो. मला पोस्टमास्तर आठवले. नॉर्मल असणं मी आयुष्यात कधी इतकं नापसंत केलं नव्हतं.

"तू?" मॅडम कन्येला म्हणाल्या.

"मी बघितलाय, मॅडम. हे माझे वडील आहेत. चकतीच्या खाली करडा ठिपका आहे. सर म्हणतात भिंगावरची धूळ आहे." तिने वहीतलं ते पान उघडलं. "पण धूळ असती तर बाकीच्या चोवीसजणांत पण दिसली असती."

मॅडम वाकल्या. त्यांचा हात स्थिर होता. उजेड आत आला आणि थांबला. किती वेळ ते मला माहीत नाही. समोर घड्याळ नव्हतं आणि असतं तरी दिसलं नसतं. मी एवढंच मनात म्हणत होतो की काहीतरी असू दे, आणि लगेच म्हणत होतो की काही नसू दे.

मॅडम सरळ झाल्या.

"तीळ आहे," त्या मला म्हणाल्या. "बहुतेक लहानपणापासूनचा. काही करायचं नाही, वर्षातून एकदा येऊन दाखवायचा. समजलं?"

मी मान हलवली. टोपी घसरली.

मग त्यांनी टेबलावरच्या सात वह्या पुढे ओढल्या, पहिली उघडली, दुसरी उघडली. "हा डोळा मी ओळखते," त्या शांतपणे म्हणाल्या. "गेली अकरा वर्षं दर महिन्याला येतो. याला पंचवीस नावं आहेत. कधी पुरुष असतो, कधी बाई असते, वय बदलतं. रेघ मात्र इथे तुटते ती तुटतेच. कोणाचा आहे कोण जाणे. आज पहिल्यांदाच या विभागात दुसरा डोळा आला."

तरुण डॉक्टर छताचं निरीक्षण करत होते. मॅडमनी कन्येची वही ओढली, लाल शाईवर एक आडवी रेघ मारली, खाली लिहिलं 'पाहिले', आणि सही केली. बाकी सात वह्या त्यांनी परत केल्या. "पंचवीस. खरे. पंधरा दिवसांत."

बाहेर आल्यावर सातहीजण कन्येभोवती जमले. "तुला सापडतं कसं गं?"

"पोस्टमास्तरांना विचारा," कन्या म्हणाली.

त्याचा परिणाम असा, की सध्या आमच्या जिन्यात रोज संध्याकाळी सात भावी डॉक्टर बसलेले असतात आणि पोस्टमास्तर त्यांना गल्ल्यांचं शास्त्र शिकवतात. त्यांच्या आरशासारख्या डोळ्याकडे मात्र आता कोणी ढुंकून बघत नाही. सगळ्यांना तीळ बघायचा असतो. माझ्यासाठी वेगळी रांग लागते. काकू पाहुण्यांना सांगतात, "आमच्या समोरच्यांच्या डोळ्यात आहे हो, लाखात एखाद्याच्या असतो." कन्या म्हणते की तो बऱ्याच जणांच्या असतो. पण मी काकूंना दुरुस्त केलेलं नाही.

कचेरीत मात्र मी साहेबांना सगळं खरं सांगितलं. सांगावंच लागलं, घरात आता वातावरणच तसं आहे. साहेबांनी ऐकून घेतलं आणि ओरडून विचारलं, "म्हणजे डाग आहे ना?" मी म्हणालो, आहे. "मग बसा खिडकीत."

काल संध्याकाळी रांग आटोपल्यावर ही बाहेर आली. पदराला हात पुसले, टेबलावरचं यंत्र उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"सगळी इमारत बघून गेली," ती म्हणाली. "मीच राहिले."

कन्येने तिला दिवा कसा लावायचा ते दाखवलं. मी खुर्चीत बसून कलत्या सातकडे बघू लागलो. ही वाकली. तिची भुवई माझ्या भुवईला टेकली.

"दिसलं का गं आई?" कन्येने विचारलं.

"लाल दिसतंय," ही म्हणाली. मग तिने दुसऱ्या हाताने माझी हनुवटी धरली. "पण एक गल्ली सापडली आहे. तुम्ही हलू नका."

मी श्वाससुद्धा बेताने घेतला.